कारखाना गेला, माती राहिली

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बैठकांमधून जमिनीचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो. कारखान्यासाठी जमीन गेली, पुढे कारखाना बंद पडला, तर ती जमीन पुन्हा नांगराखाली येते का? कायद्याने परत मिळते की नाही, यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. आज आम्ही वेगळे काही बोलणार आहोत. समजा सातबारावर नाव पुन्हा चढले, तर त्या मातीत पेरता येते का? तिथल्या विहिरीचे पाणी बैलाला पाजता येते का?

यासाठी आम्ही अमेरिकेतल्या एका गावाची हकिकत निवडली आहे. ज्वारी-कापसाच्या मुलखात अमेरिकेचे काय, असे कोणी म्हणेल. पण किती सांडले, किती उचलले, उचललेले कोठे नेऊन टाकले आणि त्याला किती पैसा लागला, याचा एवढा पूर्ण हिशेब फार थोड्या ठिकाणी झालेला आहे. आणि ती माणसेही शेतकरीच होती.

ओहायो राज्यात सिनसिनाटी शहराच्या वायव्येला सुमारे तीस किलोमीटरवर फर्नाल्ड नावाचे खेडे आहे. मका, सोयाबीन, दुधाच्या गाई असा तिथला व्यवहार. १९५१ साली सरकारने तिथली १,०५० एकर शेतजमीन ताब्यात घेतली आणि कारखाना उभा केला. कारखान्याचे नाव ‘फीड मटेरियल्स प्रॉडक्शन सेंटर’. आता ‘फीड’ म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे काय येणार? आपल्याकडे ढेप, तिकडे पशुखाद्य. त्यातून पाण्याच्या टाकीवर लाल-पांढरे चौकडे रंगवलेले. तिकडच्या एका प्रसिद्ध पशुखाद्य कंपनीची खूण तशीच. आसपासच्या अनेकांनी वर्षानुवर्षे असेच धरले होते की इथे जनावरांचे खाद्य तयार होते. कारखान्याच्या हद्दीतल्या मोकळ्या कुरणावर दुभत्या गाई चरायच्या, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

आत तयार होत होता युरेनियम धातू. रशियाशी शस्त्रांची चढाओढ चालू होती. अणुबाँबला लागणारे प्लुटोनियम ज्या भट्ट्यांत तयार व्हायचे, त्या भट्ट्यांचे हे ‘खाद्य’. नाव खोटे नव्हते म्हणा. फक्त खाणारा वेगळा होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८९ पर्यंत हे काम चालले.

जिनिंग मिलमध्ये काम केलेल्यांना धुळीबद्दल सांगायला नको. रुई पिंजताना तूस उडते, तशी इथे युरेनियमची भुकटी उडत होती. ती धरण्यासाठी कापडी पिशव्यांची गाळणी बसवलेली होती. पिशव्या फाटायच्या, भुकटी धुराड्यातून बाहेर जायची. किती गेली? कारखान्याचे आकडे अगोदर लहान होते, नंतर वाढत गेले. अखेर १९९० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने बाहेरचे तज्ज्ञ नेमून जुन्या नोंदी तपासून घेतल्या. त्यांचा मध्यम अंदाज असा निघाला: हवेत सुमारे ३ लाख १० हजार किलो युरेनियम, पाण्यात सुमारे ९९ हजार किलो. आपल्या मापात सांगायचे तर वाऱ्यावर ३,१०० क्विंटल आणि ओढ्या-नदीत ९९० क्विंटल. बाजार समितीच्या आवारात एवढी थप्पी लागली तर केवढी दिसेल, ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा.

पाण्याची वाट तर आपल्याला चांगलीच ओळखीची आहे. कारखान्याच्या पश्चिम अंगाला ‘पॅडीज रन’ नावाचा ओढा. त्याच बाजूला उघडे खड्डे खणून त्यांत गाळ आणि टाकाऊ माल टाकलेला. पावसाचे पाणी त्यावरून धुऊन ओढ्यात उतरायचे. ओढ्याचा तळ वाळूचा. आपण नाल्याला बांध घालतो ते कशासाठी? पाणी मुरावे, खालच्या विहिरींना पाझर फुटावा म्हणून. तिथे नेमके तसेच मुरले, फक्त युरेनियम विरघळलेले पाणी मुरले, आणि खालच्या विहिरींना पाझरले. खाली जो भूजलाचा साठा आहे, ग्रेट मायामी नावाचा, त्यावर त्या भागाची तहान भागते.

अशा पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चवही बदलत नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फ्लोराइडच्या विहिरी आहेत, त्या गावांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. नितळ पाणी म्हणजे चांगले पाणी, हा हिशेब जमिनीखाली चालत नाही.

कारखान्याबाहेरच्या तीन विहिरींत युरेनियम उतरल्याचे सरकारी ऊर्जा खात्याला १९८१ सालीच माहीत होते. लोकांना कळले १९८४ साली, आणि तेही एका धूळगाळणीत बिघाड होऊन शेकडो पौंड युरेनियम बाहेर पडले, त्याची वर्तमानपत्रांत बोंब झाली तेव्हा. लिसा क्रॉफर्ड नावाची एक बाई कारखान्याजवळ शेतावरच्या घरात भाड्याने राहत होती. त्या तीनपैकी एक विहीर तिच्या घराची. तीन वर्षे खात्याच्या फायलीत तिच्या विहिरीचा आकडा पडून होता आणि तिच्या घरचे तेच पाणी पीत होते. बाई काही शास्त्रज्ञ नव्हती. पण गावकऱ्यांनी त्याच वर्षी ‘फ्रेश’ या नावाने संघटना बांधली, आणि पुढे कित्येक वर्षे त्या बाईनेच ती चालवली. बायकाच पुढे होत्या तिथेही.

१९८५ च्या जानेवारीत कोर्टात दावा पडला, आसपासच्या हजारो रहिवाशांच्या वतीने. १९८९ साली ७ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. दावा होता कारखाना चालवणाऱ्या ठेकेदार कंपनीवर. पैसे भरले सरकारने, कारण करारातच सरकारने ठेकेदाराची जबाबदारी अंगावर घेतली होती. म्हणजे नफा ठेकेदाराचा आणि भरपाई करदात्याची. ही रीत इकडचीच आहे असे आपण समजत होतो! एवढे मात्र चांगले झाले की त्या पैशातून वर्षानुवर्षे आरोग्यतपासणीची सोय झाली आणि नऊ हजारांहून अधिक माणसांनी तिचा लाभ घेतला.

ओहायो राज्य सरकारनेही केंद्रावर दावा लावला होता. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९२ च्या एप्रिलमध्ये न्यायालय म्हणाले की पाणी आणि घातक कचरा यांच्या कायद्यांखाली झालेल्या गुन्ह्यांबद्दल केंद्र सरकारला दंड करता येत नाही; तशी मुभा कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेली नाही. खासगी मालकाने ओढ्यात घाण सोडली तर दंड, सरकारने सोडली तर नाही. त्यावर एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी तिथल्या संसदेने घातक कचऱ्याच्या बाबतीत कायदा दुरुस्त केला आणि केंद्राची खातीही दंडाच्या कक्षेत आणली.

आता मूळ मुद्दा. कारखाना बंद झाला, दूषित आहे हे कबूलही झाले. पुढे साफ करायचे म्हणजे करायचे काय?

शेतात एखादे औषध जास्त पडले तर आपण म्हणतो, दोन पावसाळे जाऊ दे, उतरेल. पुष्कळ औषधांच्या बाबतीत ते खरेही असते. युरेनियम असे उतरत नाही. त्याचा निम्मा भाग संपायला ४४७ कोटी वर्षे लागतात. जाळून ते नाहीसे होत नाही, धुऊन टाकले तर धुवणाचे पाणी दूषित होते. म्हणून साफसफाई या शब्दाला इथे फसू नये. ते उचलून दुसरीकडे न्यायचे, नाहीतर जिथे आहे तिथे झाकून ठेवायचे, आणि दोन्हीकडे राखण करीत बसायचे. याहून चौथी युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही. हेही खरे की युरेनियम साध्या मातीतही निसर्गतः असते, बहुतेक ठिकाणी टनामागे दोन-तीन ग्रॅम. तेव्हा नाव ऐकूनच घाबरायचे कारण नाही. किती आहे, कोठे आहे आणि कोणत्या वाटेने माणसाच्या पोटात किंवा छातीत जाते, हे विचारायचे.

फर्नाल्डला १९९३ साली नागरिकांची एक समिती बसवण्यात आली. तीत रहिवासी होते, कामगारांचे प्रतिनिधी होते, स्थानिक पुढारी होते. अध्यक्ष होते कायद्याचे एक प्राध्यापक, जॉन ॲपलगेट. समिती म्हटली की आपल्याला चहा-बिस्किटे आणि अहवाल आठवतो. हिने मात्र वेगळे केले. जागेचा मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि दूषित मातीच्या नि मालाच्या जागी रंगीत सोंगट्यांच्या चवडी रचल्या. प्रत्येकाने हाताने उचलून दाखवायचे: ही चवड कोठे नेता? नेवाडाच्या वाळवंटात? मग वाहतूक एवढी, खर्च एवढा, रस्त्यातली गावे एवढी. इथेच ठेवता? मग जागा दाखवा, आणि खाली विहिरींचे पाणी आहे हे विसरू नका. जमीन कशासाठी हवी? घरे बांधायची, शेती करायची, की नुसती मोकळी ठेवायची?

आम्हाला या सगळ्या हकिकतीत हा टेबलावरचा डाव सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक गावकऱ्याचे म्हणणे एकच असणार: सगळे उचला, शेवटचा कण उचला, आमची जमीन होती तशी करून द्या. आपणही तेच म्हटले असते. पण सोंगट्या हलवू लागल्यावर दिसले की मूळच्यासारखी माती हवी असेल तर खणायच्या मातीचे ढीग कितीतरी पटींनी वाढत जातात. जेवढी जास्त माती उचलू तेवढे ट्रक आणि गाड्या वाढतात, तेवढी धूळ वाढते, वर्षे वाढतात. आणि ते सारे जिथे पडणार तिथेही कोणाचे तरी गाव आहे. ही गोष्ट अधिकाऱ्याने व्यासपीठावरून सांगितली असती तर लोकांनी दगड उचलले असते. स्वतःच्या हाताने चवडी रचून पाहिली तेव्हा पटली.

१९९५ साली समितीने शिफारस दिली. भूजल पिण्याच्या मापापर्यंत शुद्ध झालेच पाहिजे, त्यात सूट नाही. सर्वांत घातक माल राज्याबाहेर जाईल. कमी दूषित माती आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, म्हणजे मापाने पाहिले तर बहुतेक सगळा, तिथेच पक्क्या बांधणीच्या ढिगात पुरला जाईल. आणि या जागेवर पुन्हा वस्ती होणार नाही, शेती होणार नाही.

शेवटचे वाक्य नीट ऐकावे. शेतकऱ्यांच्या जमिनीवर उभा राहिलेला कारखाना, आणि शेजारपाजाऱ्यांनी स्वतःच बसून ठरवले की या जमिनीत पुन्हा नांगर जाणार नाही. हे लादलेले नव्हते. पण ते त्यांच्या हौसेने झाले असेही आम्ही म्हणणार नाही.

सर्वांत घातक माल म्हणजे काय, तेही सांगतो. काँक्रीटच्या दोन गोल कोठ्या होत्या, ऐंशी फूट व्यासाच्या. त्यांत बेल्जियन काँगोमधून आणलेल्या अतिशय कसदार खनिजाचा चोथा भरलेला होता. युरेनियम काढून घेतले होते, पण रेडियम चोथ्यातच राहिले होते. आपल्याकडे ज्वारीच्या पेवात उतरण्याआधी जुनी माणसे कंदील सोडून पाहायची. वात विझली तर आत वाईट हवा आहे, उतरू नका. पेव दिवसभर उघडे ठेवले की ती हवा निघून जाते. या कोठ्यांतली हवा मात्र संपणारी नव्हती. रेडियम निम्मे व्हायला सोळाशे वर्षे लागतात, आणि तोवर त्यातून रॅडॉन नावाचा वायू सारखा निघत राहतो. तो श्वासातून छातीत जातो आणि फुप्फुसाचा कर्करोग करू शकतो.

इथे एक गंमत आहे, कडू गंमत. गाव भांडत होते युरेनियमच्या धुळीवर आणि विहिरीच्या पाण्यावर. तज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा निघाले की सर्वांत जास्त धोका या कोठ्यांतल्या रॅडॉनने झाला होता. दहा किलोमीटरच्या परिसरात राहिलेल्या लोकांत १९५१ ते २०८८ या काळात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू १ ते १२ टक्क्यांनी वाढतील, असा तो अंदाज होता. एक ते बारा म्हणजे अंतर मोठे आहे. जुन्या नोंदी अपुऱ्या असल्या की असेच होते. आम्हाला यातून एवढेच दिसते की ज्या विहिरीने लोकांना जागे केले, ती विहीर हे सगळ्यात मोठे दुखणे नव्हते, आणि ती विहीर उघडकीस आली नसती तर कोठ्यांकडे कोणी पाहिलेही नसते.

१९९१ साली त्या चोथ्यावर ओल्या चिकणमातीचा थर दिला. रॅडॉन चार दिवसांच्या आतच निम्मा होतो, तेव्हा त्याला मातीत अडवून धरले तरी बरेच काम होते. पुढे चोथा बाहेर काढून सिमेंट आणि राखेत कालवला, पोलादी पिंपांत भरला. अशी ३,७०० च्या वर पिंपे झाली. ती नेवाडात न्यायचे ठरले होते. २००४ साली नेवाडाच्या महाधिवक्त्याने बजावले की आणाल तर कोर्टात भेटू. मग ती २००५-०६ मध्ये टेक्सासमधल्या अँड्र्यूज भागात गेली. ओढ्याजवळच्या खड्ड्यांतला माल, सुमारे दहा लाख टन, दीडशेहून अधिक मालगाड्यांतून युटा राज्याच्या वाळवंटात गेला, जवळजवळ तीन हजार किलोमीटर. नेवाडाचे वागणे चुकले असे आम्ही म्हणत नाही. फर्नाल्डच्या माणसाला नको ते नेवाडाच्या माणसाने का घ्यावे? एवढेच की ज्याचा आवाज मोठा त्याच्या दारावरून गाडी पुढे गेली. युटा आणि टेक्सासमधल्या त्या जागा ओसाड, विरळ वस्तीच्या आहेत. कोरडवाहू मुलखाकडे बाहेरचे लोक कोणत्या नजरेने बघतात, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको.

उरलेले तिथेच पुरले. अडीचशेच्या वर इमारती पाडल्या. आठ कप्प्यांचा, सुमारे पासष्ट फूट उंच, पाऊण मैल लांब असा ढीग झाला. खाली चिकणमाती आणि प्लास्टिकचे थर, वर जवळजवळ नऊ फूट जाडीचे झाकण. झाकणात दगडांचाही एक थर आहे, झाडाची मुळे आणि बिळे करणारी जनावरे आत जाऊ नयेत म्हणून. तळाशी झिरपणारे पाणी नळ्यांनी गोळा होते आणि तपासले जाते. वरून पाहिले तर गवताची टेकडी दिसते.

ऑक्टोबर २००६ मध्ये काम पुरे झाल्याचे जाहीर झाले. खर्च सुमारे ४४० कोटी डॉलर. कारखाना उभारताना १९५१ साली जो जमाखर्च मांडला असेल, त्यात ही रक्कम कोणत्याच रकान्यात नव्हती. बाँबचा उत्पादनखर्च तेव्हा स्वस्त दिसला, कारण अर्धा खर्च पन्नास वर्षांनी येणाऱ्यांच्या नावे टाकून दिला होता. शेतमालाच्या उत्पादनखर्चावर आपल्याशी पैशापैशाची हुज्जत घालणाऱ्यांनी हा हिशेबही कधीतरी वाचावा.

आज ती जागा निसर्ग-राखीव म्हणून ओळखली जाते. पाणथळी झाल्या आहेत, गवताळ रान वाढले आहे, पक्षी येतात. माहिती केंद्र २००८ मध्ये उघडले. माणसे फिरायला येतात, वाटेवरून चालतात, परत जातात. खाली मात्र काम संपलेले नाही. १९९३ पासून विहिरींवर पंप बसवून दूषित भूजल उपसण्याचे काम चालू आहे. माप ठरले आहे लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दिलेले मापही तेवढेच आहे. युरेनियम वाळूच्या कणांना चिकटून बसते आणि सावकाश सुटते. पंप थांबवला की पाण्यातला आकडा काही ठिकाणी पुन्हा वर येतो, मग पुन्हा उपसा. आपल्याकडे विहिरीचा गाळ काढला की निदान त्या सालापुरते काम होते. तिथे तीस वर्षांहून अधिक काळ उपसा चालला आहे. ऊर्जा खात्याचा एक वेगळा विभाग फक्त अशा बंद जागांच्या राखणीसाठी आहे. ढिगाच्या झाकणाला कोठे भेग पडली का, कुंपण शाबूत आहे का, बिळे झाली का, हे त्याची माणसे फिरून पाहतात. त्या राखणीला शेवटची तारीख नाही.